कसर, भुंगेरे आणि सापाची सोनोग्राफी

माणसाची सगळ्यात जुनी खोड कोणती, असं कोणी विचारलं तर मी बेधडक सांगेन, झाकण उघडून बघायची. समोर बंद डबा आला की त्यात काय आहे हे कळल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. मूल खेळण्यातली मोटार फोडतं ते मोटारीवरच्या रागाने नव्हे. ती आतून 'घुर्र' कशी करते ते त्याला बघायचं असतं. आपण आंबा दाबून बघतो, कलिंगडावर टिचक्या मारतो. आहेराचं पाकीट दिव्यासमोर धरून आतल्या नोटेचा अंदाज घेणारे काका तर प्रत्येक घरात असतात. प्राणिशास्त्रज्ञ हा या काकांचाच शिकलेला पुतण्या. फरक एवढाच, की पुतण्याच्या हातातलं पाकीट पुष्कळदा जिवंत असतं.

जनावर आतून कसं आहे हे बघायला पूर्वी एकच रस्ता होता. आधी ते मारायचं. मग कातडं सोलून त्यात पेंढा भरायचा, कवटी साफ करायची, दोन्हींना चिठ्ठी बांधायची आणि कपाटात ठेवून द्यायची. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत युरोपात अशी कपाटं भराभर भरली. आणि कपाट भरलं की कसर आलीच. हे ज्ञान आपल्या आजीला होतं. म्हणून तर तिची पैठणी आयुष्यभर डांबराच्या गोळ्यांच्या सहवासात राहिली आणि लग्नाकार्यात आजीच्या आधी तिचा वास मांडवात शिरायचा. युरोपातल्या विद्वानांना ही आजी लाभली नाही.

त्याचा सगळ्यात मोठा फटका बसला तो डोडोला. मॉरिशस बेटावरचा हा न उडणारा, ढब्बू पक्षी. गलबतांतून आलेल्या माणसांनी आणि त्यांनी आणलेल्या डुकरा-उंदरांनी सतरावं शतक संपायच्या आत त्याचा निकाल लावला. असा एक डोडो ऑक्सफर्डच्या अ‍ॅश्मोलियन संग्रहालयात जपून ठेवलेला होता. जपून म्हणजे त्या काळी जसं जपत तसं. तो हळूहळू इतका खराब झाला, की १७५५ साली त्याला संग्रहातून काढून टाकलं. शिल्लक राहिलं एक डोकं आणि एक पाय. पृथ्वीवरून नाहीशा झालेल्या पक्ष्याचा हा शेवटचा ठेवा, आणि त्याची वाट लागली ती जुन्या गादीसारखी. या डोक्याला तूर्त बाजूला ठेवू. त्याच्यापाशी एक गुपित आहे आणि ते बाहेर यायला २६३ वर्षं लागायची आहेत.

ही कपाटं फस्त करणाऱ्या मंडळींत एक मोठं घराणं आहे भुंगेऱ्यांचं. लिनियसने १७५८ साली त्यांना नाव दिलं 'डर्मेस्टीस', म्हणजे ग्रीकमध्ये कातडं खाणारा. याच घराण्यातल्या दुसऱ्या एका चिमुकल्या भुंगेऱ्याच्या नावात त्याने १७६१ साली 'म्युझोरम' हा शब्द घातला. म्हणजे थेट 'संग्रहालयातला'! एखाद्या चोराचं नाव सरकारी दफ्तरात 'बँकवाले' म्हणून लागावं, तसंच हे. यांचे प्रौढ जेमतेम सेंटीमीटरभर. खरा पराक्रम त्यांच्या केसाळ अळ्यांचा. कातडं, केस, पिसं, लोकर, सुकी मासळी, काही म्हणता काही वर्ज्य नाही. कोकणात सुक्या बोंबलांच्या डब्यात ज्यांनी हात घातला आहे त्यांची आणि या अळीची ओळख करून द्यायला नको.

यावर तोड काढली फ्रान्समधल्या मेत्झ गावच्या बेकर नावाच्या औषधविक्याने. अठराव्या शतकाच्या मध्यावर त्याने सोमल घातलेला साबण बनवला आणि पक्ष्यांच्या कातड्यांना आतून चोपडला. कीड जवळ फिरकेना. ही कृती मात्र त्याने हयातभर कुणाला सांगितली नाही. भेळवाल्याने चटणीचं प्रमाण जपावं तशी जपली. ती छापून आली त्याच्या मृत्यूनंतर. पुढे शंभरावर वर्षं जगभरची संग्रहालयं हा विषारी साबण वापरत राहिली. भरलेला पक्षी शाबूत राहिला आणि भरणाऱ्याच्या बोटांतून सोमल पोटात गेला. जुन्या संग्रहांतली ही कातडी आजही हातमोजे घालूनच हाताळावी लागतात.

कातड्याचं असं झालं. पण कवट्यांचं काय? प्राणिशास्त्रात कवटी म्हणजे माणसाची पत्रिका. दोन उंदीर बाहेरून जुळे भाऊ दिसतात. ते वेगळ्या जातीचे आहेत की नाहीत हे पुष्कळदा दात आणि कवटीची हाडं बघूनच ठरतं. आता उंदराची कवटी साफ करायची म्हणजे कशी? उकळली तर हाडं सुटी होतात, दात निखळतात, नाकातली कागदासारखी पातळ हाडं गळून पडतात. पाण्यात कुजत ठेवली तर अख्खी इमारत नाक धरून घरी जाते. चिमट्याने खरवडावी तर एका उंदरात एक माणूस दिवसभर अडकतो, आणि बाहेर तीनशे उंदीर रांगेत उभे! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतली संग्रहालयं हजारांनी लहान प्राणी गोळा करत होती. कवट्यांचे ढीग पडले होते.

तेव्हा कॅन्सस विद्यापीठाच्या संग्रहालयातल्या चार्ल्स बंकर या गृहस्थाने जे केलं त्याला आपल्याकडे काट्याने काटा काढणं म्हणतात. ज्या भुंगेऱ्यांना इतकी वर्षं विष घातलं त्यांनाच त्याने नोकरीवर ठेवलं. पेटीत भुंगेऱ्यांची वसाहत वसवली, त्यात सोललेली, सुकवलेली कवटी ठेवली आणि बाजूला झाला. अळ्या डोळ्यांच्या खोबणीतून आत शिरतात, नाकाच्या बोळातून बाहेर येतात, जिथे चिमटा पोचत नाही तिथे पोचतात आणि हाडाला धक्का न लावता मांस तेवढं संपवतात. लहान कवटी दोन-चार दिवसांत लख्ख होते. पगार नाही, बोनस नाही, रजेचा अर्ज नाही. साफसफाईत कसर म्हणून ठेवत नाहीत, ती कसरीच्याच गोतावळ्यातली मंडळी! आणि संग्रहालयाची काटकसर होते ती वेगळीच.

बंकरच्या हाताखाली शिकलेल्या मुलांना 'बंकरची पोरं' म्हणत. त्यांतला वेटमोर १९४५ साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचा प्रमुख झाला. दुसरा हॉल, हा कॅलिफोर्नियात बर्कलेच्या संग्रहालयात गेला, आणि वॉर्ड रसेल या सहकाऱ्याबरोबर त्याने १९३३ साली भुंगेऱ्यांच्या या कलेवर तीन पानांचा लेख छापला. बेकरने जी चूक केली ती या मंडळींनी केली नाही. कृती उघड सांगून टाकली. त्यामुळे अशा वसाहती ठिकठिकाणी वसल्या. शिकागो-न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयांतही हाडं साफ करायला हेच कामगार.

या कामगारांचे नखरे मात्र जावयासारखे. खोली उबदार हवी, अंधार हवा. मांस ओलं चालत नाही, आधी नीट सुकवलेलं हवं. अंड्यापासून भुंगेरा व्हायला साधारण दीड महिना. त्यात कोषात जायची वेळ आली की अळी लाकूड, बूच, जे सापडेल ते पोखरून आत बसते. आणि मुख्य भीती निराळीच: यांतली एक जोडी जरी पेटीतून निसटून संग्रहाच्या कपाटात पोचली, तरी पुन्हा १७५५ साल! म्हणून त्यांची खोली मुख्य संग्रहापासून दूर असते, आणि साफ झालेली कवटी आत जाण्याआधी बर्फाच्या कपाटात गोठवतात. टाकसाळीतून बाहेर पडणाऱ्या कामगाराची झडती घेतात ना, तसंच. इथे झडती हाडांची होते, आणि सापडलेल्या कामगाराला मेमो मिळत नाही; तो तिथेच थंड होतो.

पण हे सगळं झालं मेलेल्यांचं. जिवंत पाकीट न फाडता आतला आहेर कसा मोजायचा?

याचं उत्तर प्राणिशास्त्रातून आलं नाही. ते आलं बॉयलरच्या कारखान्यातून. ऐकू न येणारा आवाज पाठवायचा आणि प्रतिध्वनी मोजायचा, ही युक्ती फ्रान्सच्या लांजव्हँने पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधायला वापरली होती. पुढे तिच्यावर लोखंडातल्या चिरा शोधणारी यंत्रं निघाली. ग्लासगो विद्यापीठात इयन डोनाल्ड नावाचे बाळंतपणाच्या शास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांना वाटलं, लोखंडातली चीर दिसते तर पोटातली गाठ का दिसू नये? जुलै १९५५ मध्ये ते शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारींच्या डिकीत भरून बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलरवाल्यांच्या कारखान्यात गेले. तुलनेसाठी कारखान्याने मांसाचा एक भलाथोरला तुकडा आणून ठेवला होता. यंत्राने गाठ कुठली आणि मांस कुठलं हे चोख सांगितलं. भुंगेरे काय, यंत्र काय, दोघांचीही परीक्षा मांसाच्या तुकड्यावरच झाली. फक्त यंत्राने तो खाल्ला नाही.

सहकाऱ्यांनी थट्टा केली. पण एका बाईला पोटाचा असाध्य कॅन्सर आहे असं ठरलं होतं, तिच्यावर डोनाल्डनी यंत्र फिरवलं. दिसली ती काढता येण्याजोगी, पाण्याने भरलेली गाठ. ती काढली, बाई बरी झाली. १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये लेख आला आणि थट्टा थांबली.

तेच यंत्र पुढे जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलं, आणि युरोप-अमेरिकेत साप पाळणारे लोक त्यांच्या दारात उभे राहिले. (आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे नाग, अजगर घरी पाळता येत नाहीत. आपण नागपंचमीला दुरून दूध-लाह्या दाखवतो, तेवढं पुरे.) सापाला तपासणं सोपं नाही. 'कुठे दुखतंय?' म्हणून विचारावं तर अंगभर पोटच पोट. स्टेथोस्कोप लावावा तर हृदयाच्या ठोक्यांपेक्षा खवल्यांची खरखर जास्त. सोनोग्राफीला मात्र साप म्हणजे गिरगावातली चाळ. एका रांगेत खोल्या: आधी हृदय, मग लांबलचक यकृत, मग जठर, पुढे अंडाशय, शेवटी मूत्रपिंडं. डावं फुफ्फुस पुष्कळ सापांत नावापुरतंच, भाड्याने दिलेल्या खोलीसारखं. खवल्यांमधली हवा आवाजाला अडवते, म्हणून अंगाला भरपूर जेल चोपडायचं, एकाने साप सरळ धरायचा आणि डॉक्टरने गॅलरीतून चालत जावं तसं यंत्र पुढे सरकवत न्यायचं. सापीण गाभण आहे की नुसतीच खाऊन लठ्ठ झाली आहे, अंडी किती, हृदय ठीक आहे ना, सगळं दिसतं. साप तपासून झाला की टोपलीत परत जातो. कपाटात जात नाही. या विषयाच्या सगळ्या इतिहासात मला ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

अर्थात बघणं वेगळं आणि बघून पुढे काय करायचं ते वेगळं. सापिणीचा डॉक्टर अंडी मोजतो आणि मालकाला सांगतो, 'जपा हिला.' त्याच यंत्राने आपल्याकडे बायकांच्या पोटात डोकावलं गेलं, आणि मुलगी दिसली तर कित्येकदा निराळाच सल्ला दिला गेला. त्यासाठी १९८८ साली महाराष्ट्राला देशातला पहिला कायदा करावा लागला आणि १९९४ साली तो केंद्राने केला. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' अशी पाटी असते ती उगाच नाही. सापाच्या डॉक्टरला ती लावावी लागत नाही.

आता त्या डोडोच्या डोक्याकडे वळू. ते ऑक्सफर्डला राहिलं. लोकांची समजूत अशी, की हा पक्षी लंडनमध्ये पैसे घेऊन जिवंत दाखवला जाई तोच असावा आणि आपल्या मरणाने गेला असावा. डोकं फोडून बघायची सोय नव्हती. जगात तसं दुसरं नाही. भुंगेऱ्यांच्या स्वाधीन करण्याचा तर प्रश्नच नव्हता. अखेर त्याला क्ष-किरणांच्या स्कॅनमध्ये घातलं, आणि २०१८ साली निष्कर्ष जाहीर झाला. कातड्याला ओरखडाही न काढता शास्त्रज्ञांना आत काय आहे ते दिसलं. मानेत आणि डोक्याच्या मागच्या बाजूला शिशाचे छर्रे होते. कोणीतरी त्याला मागून गोळी घातली होती.

म्हणजे पाहा, झाकण उघडून बघायची इतकी जुनी खोड आपली. आणि त्या बिचाऱ्या पक्ष्याच्या डोक्यात शेवटी सापडलं काय, तर आपणच!