कर्नल मॉड्यूलमधील मेमरी लीक : शोध

कर्नल मॉड्यूलने मागून घेतलेली आणि काम संपल्यावर परत न केलेली मेमरी म्हणजे मेमरी लीक. साध्या प्रोग्रॅमची अशी चूक तो बंद होताच निस्तरते, कारण त्याची सारी मेमरी ऑपरेटिंग सिस्टिम काढून घेते. मॉड्यूलला ही सोय नाही. लिनक्समध्ये मॉड्यूल उतरवले, तरी त्याने ‘केमॅलॉक’ या मेमरी मागणाऱ्या फंक्शनने घेतलेले आणि न सोडलेले तुकडे संगणक पुन्हा सुरू होईपर्यंत अडकून राहतात. जुन्नर तालुक्यातील खोडदची जीएमआरटी दुर्बीण पाहिली की ही बाब किती गंभीर ठरू शकते ते कळते. तिथे 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. 400 मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यासाठी प्रत्येक संकेताचे सेकंदाला किमान 80 कोटी नमुने लागतात आणि ते नेटवर्कवरून संगणकांच्या समूहाकडे जातात. अशा प्रवाहात, समजा, सेकंदाला एक लाख पॅकेट येत असतील आणि ती हाताळणारे मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हर, दर पॅकेटमागे 64 बाइट सोडायला विसरले, तर तासाला सुमारे 23 गिगाबाइट मेमरी गिळली जाईल आणि रात्रभराचे निरीक्षण अर्ध्यावर तुटेल.

वापर वाढतो आहे एवढ्यावरून मात्र लीक सिद्ध होत नाही, कारण कर्नल रिकाम्या मेमरीत कॅशही साठवतो. खरा प्रश्न मागितलेल्या तुकड्यापर्यंत पोहोचणारा पॉइंटर, म्हणजे त्याचा पत्ता, कुठे उरला आहे का, हा आहे. 2009 मध्ये लिनक्स 2.6.31 मध्ये आलेले ‘केमेमलीक’ हे साधन नेमके हेच तपासते. ते मेमरी चाळते, पॉइंटर न सापडलेले तुकडे नोंदवते आणि प्रत्येक तुकडा कोणत्या फंक्शनमधून मागितला गेला तेही सांगते. त्यामुळे शोध थेट सदोष ओळीच्या आसपास येतो. यावर दोन आक्षेप घेतले जातात, आणि दोन्ही रास्त आहेत. चाळणीमुळे यंत्र मंदावते, म्हणून ती चाचणीच्या संगणकावर, पण तोच ड्रायव्हर आणि तसाच भार देऊन चालवावी. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: यादीत विसरून राहिलेल्या तुकड्याकडे पॉइंटर असतोच, त्यामुळे ‘केमेमलीक’ त्याला निर्दोष समजते. तिथे मोजमापच कामी येते. ठरावीक पॅकेट पाठवून, मॉड्यूल वारंवार चढवून-उतरवून ‘एसअनरिक्लेम’चा, म्हणजे कर्नलच्या परत न मिळवता येणाऱ्या स्लॅब मेमरीचा, आकडा पाहावा. तो प्रत्येक फेरीला तेवढाच वाढत राहिला, तर संशय पक्का होतो. पॉइंटरचा माग आणि हे मोजमाप, दोन्ही झाल्याशिवाय कोणताही ड्रायव्हर दीर्घ निरीक्षणाच्या संगणकावर चढवू नये.