पेटीचा प्रवास : पॅरिसपासून शत्रुंजयापर्यंत

जिनभक्तीत संगीताला अनन्यसाधारण स्थान आहे. स्नात्रपूजा असो वा भावना, पेटीच्या सुरांवाचून ती अपुरी वाटते. मात्र ही पेटी मूळची आपली नव्हे. १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबेन यांनी हार्मोनियम घडविली. तिचा भाता पायांनी चालवावा लागे. वादकाने खुर्चीवर बसून दोन्ही हातांनी वाजवावे, अशी तिची रचना होती. असे अवजड वाद्य गावोगाव नेणे कठीणच होते.

कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हाताने भाता चालवावयाची पेटी तयार केली. एक हात भात्यावर गेला, वाजविण्यास एकच उरला. परंतु एकेरी स्वरावलीवर आधारलेल्या आपल्या संगीतास तो पुरेसा ठरला. या त्यागातून मोठा लाभ झाला. पेटी बैठकीवर आली आणि एका माणसास उचलता येईल इतकी आटोपशीर झाली. ढोलक गळ्यात अडकविता येतो, झांजा पिशवीत मावतात. आता पेटीही त्यांच्यासोबत यात्रेला निघाली.

शत्रुंजय गिरीवर साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या आहेत आणि रात्री तेथे मुक्काम करावयाचा नाही, असा दंडक आहे. साहजिकच यात्रेकरूंनी वर नेलेली पेटी त्याच दिवशी खाली आणावी लागते. गाणाऱ्याचे नाव पत्रिकेत छापले जाते. पेटी वाहणाऱ्याचे क्वचितच. स्तवनाचे सूर त्याच्याही खांद्यावरून शिखरापर्यंत पोहोचले, याचे या सुवर्णमहोत्सवी वर्षात कृतज्ञतापूर्वक स्मरण व्हावे.