खाते असू द्या, दार लोटून घ्या

लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ हे १९९९ मध्ये तालुक्याचे ठिकाण झालेले छोटे गाव. अशा गावांतून शिक्षणासाठी लातूरला आणि नोकरीसाठी पुण्याला गेलेल्या तरुण मुलामुलींची गावाशी असलेली नाळ आता बऱ्याच अंशी मोबाइलच्या पडद्यावरच जपली जाते. भावकीतील लग्न, वर्गमित्रांच्या गप्पा, गावाकडची सुखदुःखे फेसबुक-इन्स्टाग्रामवरून कळतात. मात्र एखादे छायाचित्र नको त्या हाती पडले किंवा कोणी बनावट खाते उघडले, की घरातील वडीलधाऱ्यांचा पहिला सल्ला असतो, 'ते खाते आधी बंद कर.' मुलींच्या वाट्याला तर तो हटकून येतो. आगळीक करणारा नामानिराळा राहतो आणि संपर्क तुटतो तो मुलीचा! वास्तविक, खाते न पुसताही ते खासगी ठेवता येते.

तीन वेगळ्या गोष्टी

खाते पुसणे, थांबवणे आणि खासगी करणे यांत पुष्कळदा गल्लत होते. फेसबुक व इन्स्टाग्रामवर खाते पुसण्याची विनंती केल्यानंतर ३० दिवसांत निर्णय फिरवता येतो; त्यानंतर छायाचित्रे आणि नोंदी कायमच्या जातात. थांबवलेले, म्हणजे 'डीअ‍ॅक्टिव्हेट' केलेले खाते इतरांना दिसेनासे होते आणि पुन्हा प्रवेश करताच पूर्ववत होते. खासगी खाते मात्र चालूच असते. ते कोणाला दिसावे, एवढेच आपण ठरवतो. आणखी एक लाभ म्हणजे, आपल्या नावाचे बनावट खाते निघाल्यास 'ही व्यक्ती माझे सोंग घेत आहे' अशी तक्रार आपल्या खऱ्या खात्यावरून थेट करता येते.

कुलूप कसे लावावे?

फेसबुकने जून २०१७ मध्ये भारतात प्रोफाइल छायाचित्रासाठी संरक्षक कवच आणि मे २०२० मध्ये 'प्रोफाइल लॉक'ची सोय आणली. आपल्या नावाखालील तीन टिंबांवर टिचकी मारल्यास हा पर्याय सापडतो. कुलूप लावताच जुन्या सार्वजनिक नोंदीही केवळ मित्रांपुरत्या मर्यादित होतात आणि परक्यांना आपले छायाचित्र मोठे करून पाहता येत नाही.

इन्स्टाग्रामवर सेटिंग्जमधील 'अकाउंट प्रायव्हसी' येथे 'प्रायव्हेट अकाउंट' सुरू करावे. त्यानंतर नव्या अनुयायांना आपली परवानगी लागते. नाव, प्रोफाइल छायाचित्र आणि परिचयाच्या ओळी मात्र सर्वांनाच दिसत राहतात. एक्स, म्हणजेच पूर्वीच्या ट्विटरवर, नोंदी संरक्षित करण्याची अशीच सोय आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर प्रोफाइल छायाचित्र आणि 'लास्ट सीन' केवळ आपल्या संपर्कयादीतील व्यक्तींना दिसतील, असे ठरवता येते.

खरे दार मित्रयादीचे

येथवरची कामे पाच मिनिटांत होतात. खरे काम पुढेच आहे. कुलूप परक्यांसाठी असते; आधीच आत असलेल्यांसाठी नसते. लहान गावात तर त्रास देणारा बहुधा परका नसतोच. ओळखीपाळखीतून, नात्यागोत्यातून 'नाही कसे म्हणायचे' म्हणून स्वीकारलेल्यांतच तो असतो. खासगी केल्यावरही जुने मित्र आणि अनुयायी तसेच राहतात. म्हणून यादी एकदा निवांत चाळावी. कोणाला काढून टाकल्यास त्याला तशी सूचना जात नाही, हे ठाऊक असले म्हणजे भीड आड येत नाही. काढणे अगदीच अवघड वाटल्यास फेसबुकवर अशा व्यक्तीला 'रिस्ट्रिक्टेड' यादीत टाकावे. ती मित्र राहते, पण तिला आपल्या केवळ सार्वजनिक नोंदी दिसतात.

मित्रयादी कोणाला दिसावी, या प्रश्नापुढे 'ओन्ली मी' निवडणेही तितकेच महत्त्वाचे. बनावट खाते काढणारे भामटे ही यादी पाहूनच आपल्या आप्तेष्टांना 'अडचणीत आहे, पैसे पाठवा' असे संदेश धाडतात. यादीच दिसली नाही, तर त्यांचा मार्ग बराचसा खुंटतो.

मर्यादाही ध्यानात घ्याव्यात

मित्राच्या सार्वजनिक नोंदीखाली आपण लिहिलेला अभिप्राय कुलूप असूनही सर्वांना दिसतो. आतल्या माणसाने पडद्याचे छायाचित्र घेऊन ते बाहेर पाठवले, तर कुलूप निरुपयोगी ठरते. शिवाय, आपण जगापासून लपवलेला मजकूर कंपनीकडे असतोच. म्हणून घराचा पत्ता, शाळेच्या गणवेशातील मुले, परीक्षेची प्रवेशपत्रे आणि ओळखपत्रे खासगी खात्यावरही न टाकणेच श्रेयस्कर.

बाधा आलीच तर

प्रथम त्या नोंदीचे पडद्यावरील छायाचित्र आणि दुवा जपून ठेवावा, मग तक्रार करावी. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क नुसार दुसऱ्याच्या पासवर्डचा वा ओळखचिन्हाचा अप्रामाणिक वापर हा गुन्हा असून, त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. पैशांची फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. अन्य तक्रारी राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर किंवा पोलीस ठाण्यात नोंदवता येतात.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. हक्क म्हणजे तोंड लपवणे नव्हे. आपल्या उंबऱ्याच्या आत कोणाला घ्यायचे, हे आपण ठरवणे होय. तेव्हा घरातील मुलीला 'खाते बंद कर' असे सांगण्याआधी, तिच्याजवळ बसून ती यादी एकदा चाळून पाहावी.