माद्रीचे मुलगे, कुंतीचं घर

मुलं असलेल्या घरात दुसरेपणाची म्हणून जाणाऱ्या बाईला आपल्याकडे एकच उपदेश मिळतो : "सख्खं-सावत्र मनात आणू नकोस, त्यांची आईच हो." सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, सावत्रपणाचा डाग पुसला जावा एवढंच त्यांना वाटतं. पण रोगाचं निदानच चुकलेला हा उपदेश आहे आणि त्याचा जाच त्या बाईला आणि मुलांना, दोघांनाही होतो, असं माझं ठाम मत आहे.

पूर्वपक्षाची भिस्त उदाहरणांवर असते. सुरुचीनं ध्रुवाला बापाच्या मांडीवर बसू दिलं नाही, कैकेयीनं रामाला वनात धाडलं, सोयराबाई आणि संभाजीराजांचं वैर तर इतिहासातलंच. मुलगा आपल्या पोटचा नाही ही जाणीव राहिली की असं होतं, म्हणून ती जाणीवच नको, असा त्यावरून निष्कर्ष. पण ही तिन्ही घरं राजांची आहेत. राण्या अनेक आणि गादी एक. ध्रुवाची आई सुनीती आणि रामाची आई कौसल्या, दोघी हयात होत्या. संभाजीराजांच्या आई सईबाई १६५९ मध्येच गेल्या होत्या, तरी १६८० चा तंटा गादीचाच होता. मुळात 'सावत्र' हा शब्द 'सापत्न' वरून आलेला, म्हणजे सवतीचा. आणि संस्कृतात 'सपत्न' म्हणजे शत्रू. मुलाशी असलेल्या नात्याला आपण दोन बायकांच्या चढाओढीचं नाव देऊन बसलो. पहिली बायको असताना हिंदू पुरुषानं दुसरी करणं मुंबई प्रांतात १९४६ च्या आणि देशभर १९५५ च्या कायद्यानं बंद झालं. विधुराच्या किंवा घटस्फोटिताच्या घरी आज येणारी बाई कुणाचीच सवत नसते.

आता भेद विसरण्याबद्दल. पंडूमागे सती जाताना माद्री कुंतीला सांगते की, तुझ्या मुलांशी मला समभावानं वागता येणार नाही, म्हणून माझी दोन्ही मुलं तूच सांभाळ. आपल्या मनाची मर्यादा इतक्या सरळपणे सांगणारी दुसरी आई मला आपल्या वाङ्मयात आठवत नाही. कुंतीकडे ती मागते ती वागणूक. मनात काय उमटावं याची अट घालत नाही.

याहून मोठा दाखला वनपर्वात आहे. चारही भाऊ तळ्याकाठी निपचित पडलेले आणि यक्ष म्हणतो, यातला एक जिवंत करतो, कोण हवा ते सांग. युधिष्ठिर नकुलाचं नाव घेतो. भीम नाही, अर्जुन नाही, नकुल का? कारण कुंतीचा एक मुलगा, मी, जिवंत आहे. माद्रीचाही एक उरला पाहिजे. 'आम्ही पाचही एकाच आईचे' असं तो मानत असता, तर येणारं युद्ध ओळखून त्यानं अर्जुनच मागितला असता. दोन आया वेगळ्या होत्या हे त्याच्या ध्यानात होतं, म्हणूनच त्याच्या हातून न्याय झाला.

कुणी म्हणेल, कुंती हा अपवाद. अपवाद वाटतो, कारण नातं नीट निभावलं की आपण त्याला सावत्र म्हणायचंच सोडून देतो. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या बाया कर्वे यांच्याशी, पुनर्विवाह केला, तेव्हा पहिल्या पत्नीचा मुलगा रघुनाथ अकरा वर्षांचा होता. पुढे संततिनियमनासाठी झगडलेले र. धों. कर्वे ते हेच. बाया कर्वे म्हटलं की आपल्याला 'माझे पुराण' आठवतं, आश्रम आठवतो. त्या कुणाच्या सावत्र आई होत्या हे सहसा आठवत नाही. हिशेबात फक्त बिघडलेली घरं धरली जातात.

शिवाय 'आईच हो' म्हणणारा समाज तिला आईचा अधिकार देतो का? १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक ठरवताना 'आई' आणि 'वडील' या शब्दांतून सावत्र आई-वडील स्पष्टपणे वगळले आहेत. वारसा कायद्यातही सावत्र मुलगा हा तिचा 'मुलगा' नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८७ मध्ये ठरवलं. रीतसर दत्तक घेण्याची वाट आहे, पण लग्न ठरवताना ती तिला सांगतं कोण? डबा, ताप, अभ्यास तिच्याकडे. पालक म्हणून कायद्यात ती नाही. आणि हा सगळा उपदेश बाईलाच. मुलांचा बाप त्यात कुठे नसतो, आणि सावत्र बापानं शाळेची फी भरली तरी त्याचं कौतुक होतं.

मुलाच्या बाजूनं पाहिलं तर हा हट्ट अधिकच क्रूर वाटतो. आई गेलेलं आठ वर्षांचं पोर नव्या बाईला आपणहून 'मावशी' म्हणतं आणि चार नातेवाईक त्याला दटावतात, "आई म्हण!" 'आई' हा शब्द त्यानं आधीच कुणाला तरी दिलेला आहे. तो काढून घेतला की त्याला वाटतं, आपण आईशी दगा केला. आणि तो राग त्या बिचाऱ्या बाईवर निघतो. 'माय मरो, मावशी उरो' असं म्हणणाऱ्या भाषेत 'मावशी' ही कमी प्रतीची हाक कधीपासून झाली?

पांडव वनवासाला निघाले तेव्हा कुंतीनं द्रौपदीला मुद्दाम सांगितलं, सहदेवाकडे लक्ष ठेव. माद्री जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती. तो सहदेव महाभारतात शेवटपर्यंत माद्रीपुत्र म्हणूनच ओळखला जातो.