विद्यापीठ आणि कारखाना : चिकलठाण्याच्या निमित्तानें

लक्ष्मी आणि सरस्वती एका घरीं नांदत नाहींत, असें आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलों आहों. विद्यापीठानें ज्ञानाची उपासना करावी आणि कारखानदारानें माल काढून विकावा. एकानें दुसऱ्याच्या अंगणांत पाऊल टाकूं नये, ही समजूत आपल्या सुशिक्षित समाजांत अजून पुरती मावळलेली नाहीं. छत्रपति संभाजीनगराहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत आहे. त्याच शहरांत विद्यापीठ आहे आणि अभियांत्रिकी महाविद्यालयेंहि आहेत. या दोहोंचें नातें काय असावें, हा प्रश्न तेथें केवळ तात्त्विक राहत नाहीं. म्हणून या बाबतींत इतिहास काय सांगतो तें पाहणें उचित होईल.

पहिला धडा जर्मनीनें दिला, आणि त्याची किंमत हिंदुस्थाननें मोजली. आडोल्फ फॉन बायर या प्राध्यापकानें १८८० च्या सुमारास प्रयोगशाळेंत कृत्रिम नीळ तयार केली. परंतु ती बाजारांत परवडेल अशा भावानें येण्यास १८९७ साल उजाडलें. मधलीं वर्षें प्राध्यापक व कारखान्यांतील रसायनशास्त्रज्ञ यांच्या अविरत खटपटींत गेलीं. कारखानदारांनीं पैसा ओतला आणि धीर धरला. विद्यापीठांनीं माणसें दिलीं. परिणामीं बिहार-बंगालमधील निळीची शेती पाहतां पाहतां ओस पडली. शेतकऱ्याचा पराभव दुसऱ्या शेतकऱ्यानें केला नव्हता. तो एका प्रयोगशाळेनें केला होता.

मुंबईला या गोष्टीचा प्रत्यय १९१४ सालीं आला. महायुद्ध पेटतांच जर्मनीचे रंग येईनासे झाले आणि कापडगिरण्यांची ओढाताण झाली. पुढें १९२१ सालीं मुंबई सरकारनें मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांच्या अध्यक्षतेखालीं औद्योगिक शिक्षणाची समिती नेमली. चर्चा पुष्कळ झाली, आणि अखेर १ ऑक्टोबर १९३३ रोजीं मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू झाला. वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी हे त्याचे आरंभींचे विषय. ज्या शहरांत गिरण्या, त्या शहरांत गिरण्यांना हवी ती विद्या, असा हा सरळ न्याय होता. १९३८ सालीं प्रा. कृष्णस्वामी वेंकटरामन् या विभागाचे पहिले भारतीय प्रमुख झाले, आणि १९४३ सालीं विभाग माटुंग्याच्या स्वतंत्र वास्तूंत गेला. वेंकटरामन् हे रंगरसायनांतले जगन्मान्य पंडित. परंतु गिरणीवाल्याच्या अडचणीला त्यांनीं कधीं कमी लेखलें नाहीं.

या परंपरेचें खरें मर्म प्रा. मनमोहन शर्मा यांच्या कार्यांत दिसतें. केंब्रिजहून डॉक्टर होऊन ते १९६४ सालीं अवघ्या सत्ताविसाव्या वर्षीं येथें प्राध्यापक झाले. वायु आणि द्रव एकत्र येऊन रासायनिक क्रिया घडते तेव्हां तिचा वेग कशावर अवलंबून असतो, हा त्यांचा आवडता विषय. वरवर तो रुक्ष दिसतो. पण खताच्या कारखान्यांत वायूंतून कार्बन डायऑक्साइड काढून टाकावयाचा तर हाच प्रश्न दारांत उभा राहतो. त्यांनीं अनेक कारखान्यांना सल्ला दिला, आणि तेथील अडचणींतून सर्वांना उपयोगी पडतील असे सिद्धांत काढले. १९९० सालीं रॉयल सोसायटीनें त्यांना सभासद करून घेतलें. 

२००८ सालीं हा विभाग स्वतः विद्यापीठाच्या दर्जाला पोचला. त्यांतील ऊर्जा-जैवशास्त्र केंद्र केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान खात्याच्या साहाय्यानें उभें राहिलें. शेतांतील काडीकचऱ्यापासून मद्यार्क काढण्याची त्या केंद्राची रीत २०१६ सालीं उत्तराखंडांत काशीपूर येथील एका कारखान्यांत रोज १० टन काडीकचऱ्यावर चालवून दाखविण्यांत आली. आणि २०१८ सालीं या संस्थेनें जालन्यास आपली शाखा काढली. तेथील पांच वर्षांच्या अभ्यासक्रमांत विद्यार्थ्यानें कांहीं काळ वर्गांत आणि कांहीं काळ कारखान्यांत काढावयाचा असतो. माटुंग्याची विद्या अशा रीतीनें मराठवाड्याच्या दारीं आली आहे.

जालन्याच्या वाटेवरचें चिकलठाणा मात्र दुसऱ्याच क्रमानें वाढलें. मराठवाड्याला विद्यापीठ मिळालें १९५८ सालीं, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० सालीं, आणि राज्याचें औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें १९६२ सालीं. म्हणजे विद्या आधीं आली आणि कारखाने मागून. १९८५ सालीं जवळच वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाल्यावर सुट्या भागांची मागणी एकाएकीं वाढली. पत्र्याला एकाच आकारांत हजारों वेळां दाबावयाचें तर साचा बिनचूक हवा. साचा केसभर चुकला तर हजारों भाग चुकतात. जर्मनीच्या सहकार्यानें चिकलठाण्यांत उभ्या राहिलेल्या इंडो-जर्मन टूल रूमनें ही गरज ओळखली. ती साचे करते आणि साचे करणारे कारागीरहि घडविते. निळीच्या धड्याची फेड अशी झाली म्हणावयाची !

तरी टूल रूम म्हणजे विद्यापीठ नव्हे. दिलेल्या नकाशाप्रमाणें उत्तम साचा करणें ही एक विद्या; तो नकाशा स्वतः काढणें ही दुसरी. पहिली चिकलठाण्यांत रुजली आहे. दुसरी रुजावयाची तर कारखानदारांनीं आजच्या अडचणीच्या उत्तरापलीकडे पाहून दहा वर्षांच्या कामाला पैसा दिला पाहिजे, आणि प्राध्यापकांनीं यंत्राच्या तेलाचा डाग अंगावर घेण्याची तयारी ठेवली पाहिजे. विद्यापीठानें कारखान्याची स्वस्त प्रयोगशाळा होऊं नये, आणि कारखान्यानें विद्यापीठाला नुसती नोकरदारांची पेठ समजूं नये. माटुंग्यानें हा तोल साधला, आणि त्यामागें अनेक वर्षांची मेहनत होती. मराठवाड्याच्या तरुणांना पुढील पन्नास वर्षें दुसऱ्यांच्या नकाशांवर राबावयाचें कीं आपले नकाशे जगाला द्यावयाचे, याचा निर्णय या दोन घरांतील वाट किती रुळते यावरच ठरणार आहे.