चिंतेचा आजार कोणाला होतो? फलटणपुरतं शोधून बघू

समजा, तुम्ही संशोधनासाठी प्रश्न घेतलात, 'चिंतेचा आजार कोणाला होतो?' आणि क्षेत्र निवडलंत फलटण. सुरुवात कुठून कराल?

आधी आजार समजून घेऊ. परीक्षा, कर्ज, लेकीचं लग्न, यांची काळजी सगळ्यांनाच असते. जनरलाइज्ड अँक्झायटी डिसऑर्डर, म्हणजे जीएडीमध्ये एक काळजी मिटते न मिटते तोच दुसरी उभी राहते. मन आवरत नाही, झोप उडते, अंग आखडतं, आणि हे किमान सहा महिने चालतं.

नाव मात्र नवं आहे. १८९५ मध्ये फ्रॉइडने 'अँक्झायटी न्यूरोसिस' वेगळा काढला. १९८० मध्ये अमेरिकेतल्या डीएसएम-३ ने त्याचे दोन भाग केले: पॅनिक डिसऑर्डर आणि जीएडी. तेव्हा एक महिन्याची लक्षणं पुरत होती. १९८७ मध्ये मुदत सहा महिने झाली. व्याख्या बदलली की रुग्णांचा आकडाही बदलतो, हे लक्षात ठेवा.

आता फलटण. १९४८ पर्यंत हे नाईक-निंबाळकरांचं संस्थान होतं, म्हणून जुने आकडे संस्थानाच्या नावाखाली शोधा. १८८१ ते १९३१ च्या जनगणनांत वेड लागलेल्यांची मोजणी होई. पण दिवसभर घरचं सगळं करणारी आणि रात्र जागून काढणारी बाई त्या रकान्यात कशी येणार?

बरं, अलीकडचं बघा. २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण १२ राज्यांत झालं. महाराष्ट्र त्यात नव्हता. २०१७ साली देशात सुमारे ४.४९ कोटी लोकांना चिंतेचे विकार होते, बायकांना पुरुषांपेक्षा जास्त, असा एक अंदाज आहे. पण तो सगळ्या चिंताविकारांचा मिळून, आणि मॉडेल वापरून काढलेला आहे. फलटण तालुक्याला तो जसाच्या तसा लावू नका.

मग बाईचं म्हणणं कुठे ऐकायचं? गी पॉईत्वाँ आणि हेमा राइरकर यांनी गावोगावच्या एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या. काळजी कशाची होती, ते तिथे कळतं. पण ओवी वाचून आजाराचं निदान करायचं नाही.

आणि गावात गेलात की कोणी 'मला अँक्झायटी आहे' म्हणणार नाही. 'जिवाला घोर लागलाय', 'छातीत धडधडतं' असं म्हणतील. प्रश्नावली मराठीत करण्याआधी हे शब्द ऐका. कोणाचं दुखणं उघडं झालंच, तर नुसती नोंद करून उठू नका. यावर उपचार आहेत हे सांगा, आणि टेली-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर लिहून द्या.