डिफॉल्ट : कसुरीतून आलेली सोय

बँकेचा ‘डिफॉल्टर’ आणि सर्व्हरची ‘डिफॉल्ट’ सेटिंग यांचे कूळ एकच. लॅटिनमध्ये ‘फाल्लेरे’ म्हणजे फसवणे, चुकणे. त्यातून जुन्या फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला. ‘फेल’, ‘फॉल्ट’, ‘फॉल्स’ ही त्याचीच भावंडे.

इंग्लंडच्या न्यायालयात पक्षकाराने हजर न राहणे हा ‘डिफॉल्ट’ ठरे आणि त्याच्या गैरहजेरीत निकाल लागे. सांगणारा नसला तरी निर्णय अडत नाही, हीच छटा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगणकाने उचलली. वापरकर्ता गप्प राहिला, तर प्रोग्रामने धरायचे मूल्य म्हणजे डिफॉल्ट.

पोस्टग्रेस या डेटाबेस सर्व्हरमध्ये हे मूल्य अनेक थरांच्या तळाशी असते. डेटाची क्रमवारी लावण्यासारख्या कामाला किती मेमरी वापरायची, हे ‘वर्क-मेम’ ठरवते. त्याचे डिफॉल्ट 4 मेगाबाइट. कॉन्फिगरेशन फाइलमध्ये वेगळा आकडा लिहून ती सर्व्हरला पुन्हा वाचायला लावली की तो लागू होतो. विशिष्ट डेटाबेससाठी दिलेला आकडा फाइलवर मात करतो, वापरकर्त्यासाठी दिलेला डेटाबेसवर आणि चालू सत्रात दिलेला या सर्वांवर.

म्हणूनच फाइल बदलूनही परिणाम दिसत नाही, तेव्हा वरचे थर तपासावेच लागतात. पोस्टग्रेसने त्याची उत्तम सोय केली आहे. ‘पीजी सेटिंग्ज’ या तक्त्यात प्रत्येक मूल्यापुढे त्याचा उगम नोंदलेला असतो : फाइल, डेटाबेस, वापरकर्ता, सत्र किंवा, कोणीच काही सांगितले नसेल तर, ‘डिफॉल्ट’.